उभी बाटली, आडवी बाटली

दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे बाटलीचा विषय काढणे शिष्टाचाराला धरून नाही, याची मला जाणीव आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकाने सुखाच्या गोष्टी वाचाव्यात, थोडे हसावे, शब्दकोडे सोडवावे, हीच दिवाळी अंकाची रीत. परंतु बाटलीनेच जर फराळाच्या ताटाशेजारी पाट मांडून बसायचे मनात आणले असेल, तर तिच्याविषयी बोलण्याचा दोष एकट्या लेखकाच्या माथी येऊ नये.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. मी दारूबंदीचा प्रचारक नव्हे. माझ्या खिशात प्रतिज्ञापत्रे नसतात आणि कोणी पेला हाती घेतला म्हणून मी त्याच्या घरचे पाणी सोडले, असेही कधी झाले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी आणि आसपासच्या खेड्यांत मी ३४ वर्षे मास्तरकी केली, एवढाच काय तो माझा अधिकार. मूलवरून जाणारा रस्ता पुढे सावली, व्याहाड करीत वैनगंगेच्या पुलावर चढतो आणि पलीकडे गडचिरोलीत उतरतो. या रस्त्याने मी आयुष्यभर येजा केली. मला जे काही सांगायचे आहे ते या रस्त्यावरच शिकलो. पण सुरुवात मात्र मला फार लांबून, थेट अमेरिकेतून करावी लागणार आहे. वाचकांनी तेवढा वळसा सोसावा.

तीन वर्षांपूर्वी मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. एके दिवशी जावई म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो." गंमत म्हणजे एक दुकान निघाले. दुकान कसले, आपल्या बाजार समितीचे गोदाम दहापट मोठे करावे तसला तो प्रकार! कॉस्टको हे त्याचे नाव. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि मग आत जाऊन सगळे ठोक भावाने न्यायचे. तांदळाची पोती, मोटारीचे टायर, धुण्याची पावडर, औषधे, गाद्या, सारे एकाच छपराखाली. नफा फार घ्यायचा नाही, पंधरा टक्क्यांच्या आसपास थांबायचे, असा त्या दुकानाचा दंडक आहे म्हणे. दाराशी दीड डॉलरला पावाचा एक सांजा पदार्थ आणि थंड पेय मिळते. त्याची किंमत त्यांनी १९८५ पासून वाढविलेली नाही. मला हे सारे बेहद्द आवडले. काटकसरी माणसाला तीर्थक्षेत्रच ते!

पण गंमत ही नव्हतीच. जावयांनी मला टायरांच्या पलीकडे नेले. तिथे लाकडी खोकी मांडलेली होती आणि त्यांत बाटल्या होत्या. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातल्या त्या द्राक्षमळ्यांची नावे मी कादंबऱ्यांतून वाचली होती. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या मद्यांची जी प्रतवारी लावण्यात आली, ती किरकोळ फेरफार सोडता आजही मानली जाते. अशा वरच्या पायरीवरच्या मद्याची एकेक बाटली आमच्या गावच्या शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराएवढी. आणि ती इथे धुण्याच्या पावडरीच्या शेजारी! जावई सांगू लागले, "थोड्याच पेट्या येतात, बाबा. बाहेरच्या दुकानापेक्षा स्वस्त. ज्यांना कळते ते टपूनच असतात."

मी पाहत राहिलो. मनात आले, ज्या देशाने १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी करून पाहिली, त्या देशाने आता ही राणी पोत्यांच्या ढिगात आणून बसविली आहे, आणि तरीही तिची राणीपदाची बूज तसूभर कमी झालेली नाही. गोदामात आली म्हणून तिला कोणी गावठी म्हणत नाही. पोलीस येऊन तिचे खोके फोडत नाही. उलट ती स्वस्तात मिळाली म्हणून सुशिक्षित माणसे एकमेकांना कौतुकाने सांगतात. तेव्हाच मला आमच्या वैनगंगेच्या पलीकडची एक बाई आठवली, जिच्या मडक्याला असले भाग्य लाभलेले नाही. तिच्याकडे मी येणारच आहे.

जावयांनी परतताना सहज विचारले, "बाबा, तुमच्याकडे असे दुकान कधी येणार?"

मी म्हणालो, "जावईबापू, येता येता राहिले आहे."

ते कसे, हे आता सांगतो. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने असा निर्णय घेतला की, किमान शंभर चौरस मीटर, म्हणजे सुमारे हजार चौरस फूट, जागा असलेल्या मोठ्या किराणा दुकानांत एका स्वतंत्र कपाटात वाइन विकण्यास मुभा द्यावी. शाळा आणि देवळे यांच्या जवळ ती नको, आणि ज्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे तिथे मुळीच नको, अशा अटी होत्या. गदारोळ उठला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती आणि सूचना मागविल्या, पुढे सरकारच बदलले, आणि ते कपाट रिकामेच राहिले. पण एकदा सुचलेली कल्पना सरकारी दप्तरात मरत नसते, ती झोपते. तिला कोणीतरी पुन्हा उठविणार, याविषयी मला शंका नाही. म्हणून ती निजलेली आहे तोवरच तिच्याविषयी बोलून घ्यावे.

त्या वेळी तीन युक्तिवाद मोठ्या हिरिरीने मांडले गेले. ते एकेक करून पाहू.

पहिला: वाइन म्हणजे दारू नव्हे. हे वाक्य मी वृत्तपत्रात वाचले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचले. वाइनमध्ये शेकडा बारातेरा भाग मद्यार्क असतो, व्हिस्कीत त्याच्या तिप्पट असतो, हा फरक मला मान्य आहे. पण दोन्हींत असतो तो मद्यार्क एकच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगून टाकले की, मद्याचे निर्धोक म्हणावे असे प्रमाण कोणतेच नाही. पातळ विष आणि दाट विष असा भेद वैद्याने करावा. राज्यकर्त्याने 'हे विषच नव्हे' असे म्हणू नये.

दुसरा: शेतकऱ्याचे भले होईल. नाशिककडचा द्राक्ष बागाईतदार आमचाच माणूस आहे. अवकाळी पाऊस त्याच्या तोंडचा घास कसा हिरावतो हे आम्हाला कळते. द्राक्षावरच्या प्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण महाराष्ट्राने २००१ सालीच आखले आणि वाइनला करात सवलती दिल्या. ठीक आहे. पण मग माझा एक साधा प्रश्न आहे. द्राक्ष हेच फळ आणि बागाईतदार हाच काय तो शेतकरी? चैत्रात पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली वाकणारी ती कोण?

इथे शहरातल्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. मोहाचे झाड चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात घरच्या माणसासारखे आहे. पाने झडली की त्याला फुले येतात, आणि ती रात्रीतून, पहाटेपर्यंत टपटप गळतात. पांढुरकी, पिवळसर, रसाळ फुले. त्यांचा गोडसर, जडसर वास साऱ्या रानात भरून राहतो. उजाडण्याच्या आत बाया आणि पोरे ती वेचायला निघतात, कारण ऊन वर आले की फूल सुकू लागते आणि उशीर केला की गुरे आणि हरणे आपला वाटा उचलून जातात. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. वाळलेले मोहफूल हातात घेऊन पाहा, अगदी मनुक्यासारखे दिसते! टंचाईच्या दिवसांत याच फुलांनी माणसे जगविली आहेत. त्यांची भाकर होते, लाडू होतात. पुढे फळ धरले की बियांचे तेल निघते. आणि होय, त्यांची दारूही होते. ती गोंडांच्या देवाला चढते, लग्नात लागते, मरणात लागते.

आता या मनुक्यासारख्या फुलाचे आणि द्राक्षाचे नशीब शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच केला. सरकारी भट्टीच्या दारूला रानातल्या फुलाची स्पर्धा नको होती. इंग्रज गेले, फुलाच्या मागचा ससेमिरा गेला नाही. मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि नेणे यांवरचे जाचक निर्बंध महाराष्ट्रात सैल झाले ते २०२१ साली. द्राक्षाला मात्र तोवर वीस वर्षे उत्तेजन मिळत होते. द्राक्षाचा रस आंबविला की तो 'शेतमालावर प्रक्रिया'; मोहाचे फूल आंबवून गाळले की 'गावठी'. वाइन नुसती आंबवतात आणि मोहाची दारू गाळतात, म्हणून ती अधिक कडक, हे खरे. पण स्कॉच व्हिस्कीही गाळलेलीच असते. तिला कोणी गावठी म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. स्कॉटलंड हेदेखील कोणाचे तरी गावच ना?

आणखी गंमत पुढेच आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२१ च्या अखेरीस मोहाची दारू हा 'वारसा' असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे डहाणूच्या कारखान्यात गाळलेली मोहाची दारू २०२४ साली डौलदार बाटलीत घालून उंची पेय म्हणून बाजारात आली. मला त्या कारखान्याविषयी काडीचा आकस नाही. कायद्याने परवाना घेऊन त्यांनी ती केली. पण हे दृश्य तर पाहा: बोर्दोची राणी गोदामात उतरली तरी राणीच राहिली, आणि मडक्यातली मोलकरीण काचेच्या बाटलीत शिरताच राणी झाली. फूल तेच, रान तसलेच, नशाही तीच. बदलले काय? बदलले ते भांडे आणि किंमत. म्हणजे आपण दारूची नीती ठरवितो ती दारू पाहून ठरवीत नाही, तर ती पिणाऱ्याचे कपडे पाहून ठरवितो, असेच म्हणावे लागेल.

येथे वाचकाला वाटेल की, मास्तर आता मडक्यालाही कपाटात जागा मागणार. तसे नाही. मी त्या मडक्याचा वकील नव्हे. त्या मडक्याविरुद्ध सर्वांत आधी कोण उभे राहिले, ते मी या डोळ्यांनी पाहिले आहे. कोणी मंत्री नव्हे, कोणी पोलीस नव्हे. बाया उभ्या राहिल्या.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली आमच्या चांदा जिल्ह्यातून वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने तिथे 'सर्च' ही संस्था काढली. रोगांची कारणे शोधता शोधता त्यांना घराघरांत दारू सापडली, आणि दारूविरुद्ध गावोगावच्या बायांचा राग सापडला. त्या रागाची चळवळ झाली आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली. ती आजही आहे. इकडे चंद्रपुरात २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून बाया पायी निघाल्या आणि विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनावर, नागपूरला, जाऊन धडकल्या. चिमूर म्हणजे १९४२ च्या ऑगस्टात इंग्रजांविरुद्ध पेटून उठलेले गाव. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा नाद ज्या मातीत घुमला ती माती. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी झाली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, ती सरकारने उठविली. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, अशी कारणे दिली गेली. त्यांतली पहिली दोन अगदीच खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. वैनगंगेच्या पुलावरून काय काय जाते ते पुलाजवळ राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पण चोरी होते म्हणून कुलूपच काढून टाकावे, हा न्याय मला अजून उमगलेला नाही. आणि यातूनच तिसरा युक्तिवाद येतो. तो उघड बोलला जात नाही, पण पहिल्या दोघांचा तोच बाप आहे: तिजोरी. सालांची नुसती ओळ लावून पाहा. मे २०२१, चंद्रपूरची बंदी उठली. नोव्हेंबर २०२१, परदेशातून येणाऱ्या व्हिस्कीवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. शेजारच्या राज्यांतून होणारी चोरटी आयात थांबावी आणि महसूल वाढावा म्हणून. जानेवारी २०२२, किराणा दुकानातल्या वाइनचे कपाट. मग २०२५ साली देशात बनणाऱ्या विलायती मद्यावरचा कर चांगलाच वाढविला. तोही महसूल वाढावा म्हणूनच! कर घटवावा तर महसुलासाठी, वाढवावा तर महसुलासाठी. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण तिजोरीच्या तहानेत फरक पडला नाही. दारूड्याची एक खूण असते: पिण्याला त्याला निमित्त सुखाचेही चालते आणि दुःखाचेही. ती खूण इथे जुळते की नाही, ते वाचकांनीच ठरवावे.

आणि हे सारे चालले आहे ते कोणत्या कायद्याच्या छत्राखाली? १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या! तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्या कायद्यान्वये पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि विलायती मद्याचा परवाना मिळतो तो 'आरोग्य राखण्यासाठी'. म्हणजे आपल्या राज्यात जो कोणी कायदेशीर पितो तो केवळ प्रकृतीच्या काळजीने पितो, असे सरकारदरबारी नमूद आहे. असा विनोद आमच्या विनोदी लेखकांनाही सुचला नसता.

आता मुख्य गोष्ट. मी सेवेत असतानाची. आमच्या भागात तेव्हा बंदी आलेली नव्हती. एका नदीकाठच्या गावी दारूच्या दुकानाचे काय करावे यावर मतदान होते आणि मला त्या कामावर पाठविले होते. या मतदानाची रीत शहरातल्या पुष्कळांना माहीत नसेल. २००८ च्या सरकारी आदेशानुसार, गावातल्या वा वॉर्डातल्या एकचतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की, सरकार सह्या तपासते आणि गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. एक उभी बाटली: दुकान चालू राहू दे. दुसरी आडवी बाटली: दुकान बंद करा. इतके साधे. लिहितावाचता न येणारीलाही चुकता येणार नाही.

साधे नाही ते पुढचे. आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या निम्मी मते मिळून भागत नाही. यादीत जितक्या बायांची नावे आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. बाळंत झालेली, माहेरी गेलेली, मजुरीला परगावी गेलेली, नवऱ्याने घरात कोंडलेली, अशा सगळ्यांची न पडलेली मते गुपचूप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातात. आमदार निवडायचा तर आलेल्यांतली जास्त मते पुरतात. खासदारालाही तेवढीच पुरतात. दारूचे दुकान मात्र त्यांच्याहून भक्कम पायावर उभे!

रोवणीचे दिवस होते. सकाळपासून भुरभुर पाऊस. बांधीतून बाया थेट शाळेत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडी ओली. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार होती. रांगेत माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई होती. तो मुलगा हुशार; वडिलांच्या पिण्यापायी त्याची शाळा सातवीतच सुटली होती. आणि गोष्ट अशी की, त्या बाईच्या घरीही पूर्वी मोहाचे मडके होते. नदीपलीकडच्या माहेराहून ती ते शिकून आली होती. तिला त्यापायी एकदा पोलिसांनी नेलेही होते. मडके तिने स्वतःच्या हाताने फोडले, ते पोलिसांच्या भीतीने नव्हे, नवऱ्याकडे पाहून. दुकान फोडता येत नव्हते, म्हणून ती मत द्यायला आली होती.

मी उगाच विचारले, "बाई, समजले ना कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा ते?" खरे तर मी ते विचारायला नको होते.

ती हसली. म्हणाली, "बाटली आडवी झाली तं घर उभं राह्यते, गुरुजी. एवढं काऊन नाही समजन?"

निम्म्याची रेषा त्या दिवशी कशीबशी ओलांडली गेली. दुकान बंद झाले. तो दिवस माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीतला सर्वांत मोठा दिवस होता, असे मी मानतो. आणि त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते, हेही मानतो.

आता वाचकहो, हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवा. एका खेड्यातले एक दुकान आडवे करायला शेकडो बायांनी चिखल तुडवीत यावे, सह्या द्याव्यात, त्या सह्या साहेबाने तपासाव्यात, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक बायांनी हो म्हणावे. आणि साऱ्या राज्यातल्या मोठ्या किराणा दुकानांत बाटली उभी करायला? मंत्रिमंडळाची एक बैठक! तिथे कोणत्या बाईला विचारले? ज्या दुकानात ती महिन्याचे डाळतांदूळ भरायला जाते, जिथे ती लेकराला गाडीत बसवून फिरविते, त्या दुकानात कपाट ठेवू का, असे तिला कोणी पुसले? हरकती मागविल्या त्या निर्णय झाल्यावर, ओरड झाल्यावर. लग्न लावून टाकायचे आणि मग मुलीला विचारायचे, पसंत आहे का!

माझे भांडण आहे ते इथे. बोर्दोच्या मद्याशी नाही, नाशिकच्या द्राक्षाशी नाही, जावयांच्या त्या गोदामाशी तर नाहीच. तिथल्या लोकांनी आपापल्या पद्धतीने आपले कायदे केले आहेत. माझे म्हणणे इतकेच की, बाटली खाली आणायला जो नियम, तोच ती वर चढवायला हवा. पुन्हा कधी ते कपाट दुकानात आणायचे मनात आले, तर ज्या वॉर्डात ते दुकान आहे तिथल्या बायांचे आधी मतदान घ्या. मतपत्रिका छापलेल्याच आहेत. चित्रेही तीच चालतील. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारला, तर खुशाल कपाट लावा. मी पहिला हार घालायला येईन. आणि ज्या घरी राहिल्या त्यांचे मत या वेळी आडव्या बाटलीकडे धरा. इतकी वर्षे ते उलट धरले, आता एकदा सुलट धरून पाहू.

तेच रानातल्या मडक्याचे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली जो पेसा कायदा झाला, त्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा वा बंधन ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत पोचविला आहे. मोहफुलासारख्या गौण वनोपजावर लोकांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मानला. मग फूल कोणाचे, मडके ठेवायचे की फोडायचे, देवापुरते ठेवायचे तर किती, हे त्या गावाने ठरवावे. आणि त्या गावातही आधी बायांनी बोलावे. गडचिरोलीच्या बाया हे ठरवू शकत नाहीत असे ज्याला वाटत असेल त्याने १९९३ ची आठवण करावी. काचेची बाटली करणाऱ्याला परवाना आणि मडके करणाऱ्यांना कोठडी, हा न्याय मात्र आता पुरे.

कोणी म्हणेल, शहरातल्या सुशिक्षित बाईला या चिखलातल्या मतदानाशी काय कर्तव्य? तिच्या घरात वाइन म्हणजे सभ्य गोष्ट. दोन घोट घेतात आणि गप्पा मारतात. असेल. पण बाई, सभ्यतेची हमी बाटलीवर छापून येत नाही. मी गावातल्या गुत्त्याबाहेर पडलेली माणसे पाहिली आहेत आणि शहरातल्या पांढऱ्या बंगल्यांतली मिटलेली दारेही पाहिली आहेत. दोन्हीकडे रात्री जागी राहणारी व्यक्ती एकच असते. फरक एवढाच की, खेड्यातली बाई सकाळी चावडीवर येऊन बोलते, आणि शहरातली पडदे ओढून घेते. या बाबतीत शिकायचे कोणी कोणाकडून, याचा विचार करावा.

मी अमेरिकेहून परतलो तेव्हा जावयांनी आठवण म्हणून काही घेऊन जा असा आग्रह धरला. मी त्या गोदामातून बदामांची एक मोठी थैली आणली. यंदा चिवड्यात तेच बदाम पडले आहेत. त्या मुलाची आई, माझ्या विद्यार्थ्याची आई, दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येते. येताना मोहफुलाचे लाडू आणते. मुलगा आता चंद्रपुरात नोकरीला आहे. शाळा पुढे त्याने रात्रीच्या वर्गात पुरी केली. गेल्या वर्षी मी तिला त्या गोदामाची गोष्ट सांगितली. पंधरावीस पोती तांदळाच्या किमतीची एकेक बाटली, आणि ती पोत्यांच्याच शेजारी, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथल्या बायाईले पुसलं का जी?"

मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे ते कपाट पुन्हा निघेल त्या दिवशी निदान आपल्याला तरी देता यावे, म्हणून हा प्रपंच. फराळ गार होण्याची चिंता नाही, तो गारच असतो. तेव्हा सावकाश खा, लाडू आला तर मोहाचाही चाखा, आणि दिवाळीच्या गप्पांत घरातल्या बायांना एकदा हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर ऐकण्याची तयारी मात्र ठेवा.